राखेतली जत्रा

मसुरे गावात घराचं काम निघालं की दारात सिमेंटच्या गोणी येतात. त्यांच्यावर ‘पीपीसी’ अशी अक्षरं आहेत का, बघा. असली, तर 50 किलोंच्या त्या गोणीत बहुधा 7.5 ते 17.5 किलो राख आहे! भेसळ नव्हे हो. 15 ते 35 टक्के राख आपल्या भारतीय मानकातच बसवलेली आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुरातून पकडलेली ही फ्लाय अॅश.

आता सांगा, ज्या राखेनं आपल्या आज्या भांडी घासायच्या, तिच्या जातभाईला भिंत पेलवते कशी?

सगळी करामत सिलिकाची. वाळूतही सिलिकाच असतो, पण चुना कालवला तरी वाळू ढिम्म हलत नाही. राखेतला सिलिका मात्र चुन्याला बिलगतो. द्रव्य एकच, मग स्वभाव दोन का?

आंगणेवाडीची जत्रा आठवा. भराडीदेवीच्या दर्शनाची रांग! पुढचा कोण, मागचा कोण, सगळं ठरलेलं. मधून एकाला ओढून काढणं कठीण. वाळूतले अणू असे रांगेतले. आणि खाज्याच्या दुकानांपुढची गर्दी? कुणाचाही हात धरा, ‘चला’ म्हणा, तो निघाला! राखेतले अणू असे गर्दीतले. कोळशातली माती भट्टीत वितळते आणि धुराबरोबर उडता उडताच गार होते. रांग लावायला सवड कुठली? तिचे होतात काचेचे गोळे, बहुतेक केसाच्या जाडीहूनही लहान.

सिमेंटवर पाणी पडलं की थोडा चुना मोकळा सुटतो. राख नेमकी त्याला धरते आणि त्याचा डिंक करते. बारीक छिद्रं बुजतात, खाऱ्या वाऱ्यातलं मीठ सळीपर्यंत सहजी पोचत नाही. मालवणच्या किनाऱ्याला आणखी काय हवं?

युक्ती मात्र जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक चुन्यात पोझुओलीची ज्वालामुखीची राख मिसळत. पीपीसीतला दुसरा ‘पी’ म्हणजे ‘पोझोलाना’, हे नाव तिथलंच. आपल्याकडेही दोन्ही जिन्नस हाताशी आहेत. तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजल्या की चुना. भाताचं तूस बेताच्या आचेवर जाळलं की राखेत 85 टक्क्यांच्या आसपास सिलिका, तोही गर्दीतला. आच फार चढली, तर तोही रांगेत जाऊन उभा राहतो!

आणि कचऱ्याची राख? तिच्यात शिसं असतं, सळी गंजवणारं क्लोरीन असतं. म्हणून परसात जाळलेल्या कचऱ्याची राख गिलाव्यात घालू नका. पण तोक्योजवळच्या तामा भागात 2006 पासून सुमारे 40 लाख लोकांच्या कचऱ्याची राख 1300 अंशांहून अधिक तापवतात. शिसं वाफ होऊन निघतं, ते वेगळं पकडतात. हाती येतं ते सिमेंट!

पीपीसीतली राख काम करते, पण सावकाश. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर निदान 7 दिवस पाणी मारावं लागतं, राखेच्या सिमेंटला निदान 10. ते शेवटचे तीन दिवस चुकवू नका.