वीस टाकलं, अठ्ठावीस आलं

पॉलिमरवाल्यांच्या प्रयोगवहीत एक ओळ नेहमी असते: 'स्टायरीन २० मोल टक्के, एमएमए ८० मोल टक्के'. एमएमए म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट. अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक शीट आणि दातांच्या कवळ्या ज्याच्या होतात, तोच हा मोनोमर. ही ओळ वाचून वाटतं की तयार झालेल्या साखळीतही दर पाचांत एक स्टायरीन असणार. तसं होत नाही. सुरुवातीच्या साखळ्यांत ते २८ टक्क्यांच्या आसपास असतं. उलट ८० टक्के स्टायरीन घेतलं, तर साखळीत ७३च येतं.

असं का? वाढत्या साखळीच्या टोकाला एक रॅडिकल असतो, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन. टोकाला स्टायरीन आहे की एमएमए, यावर पुढचा मोनोमर कोणता जोडला जाईल हे बरंचसं ठरतं. मेयो आणि लुईस यांनी १९४४ साली नेमकी हीच जोडी घेऊन हा हिशोब मांडला. प्रत्येक टोकासाठी एक आकडा: स्वतःच्याच जातीचा मोनोमर जोडण्याचा वेग भागिले दुसऱ्याचा वेग. याला रिअ‍ॅक्टिव्हिटी रेशो म्हणतात, आपण नुसतं 'आर' म्हणू.

६० अंश सेल्सियसला स्टायरीनचा आर साधारण ०.५२ आणि एमएमएचा ०.४६ येतो. दोन्ही एकापेक्षा कमी. म्हणजे दोन्ही टोकांना आपल्यापेक्षा समोरचाच जास्त आवडतो, जवळजवळ दुपटीने! (सगोत्र विवाह टाळणारी मंडळी म्हणा हवं तर.) स्टायरीनचा दुहेरी बंध इलेक्ट्रॉनांनी भरलेला, एमएमएचा एस्टरमुळे थोडा ओढलेला, म्हणून ही ओढ. मिश्रणात जो कमी असतो तो साखळीत प्रमाणापेक्षा जास्त शिरतो, तो यामुळेच. फक्त ५३ टक्के स्टायरीनला घेतलं तेवढंच येतं. अल्कोहोल-पाण्याच्या अझिओट्रोपसारखा हा बिंदू, नावही तेच.

सगळे मेथाक्रिलेट असे वागत नाहीत. एमएमए आणि ब्युटाइल मेथाक्रिलेट ही सख्खी भावंडं, दोघांचेही आर एकाजवळ, त्यामुळे फारसं काही घडत नाही. पण रंगांच्या इमल्शनमध्ये असणारी एमएमए आणि ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटची जोडी घ्या. तिथे एमएमएचा आर दोनच्या आसपास किंवा वर, दुसऱ्याचा अर्ध्याहून कमी. दोन्ही टोकं एमएमएच मागतात. ते आधी संपतं, आणि उशिरा तयार झालेल्या साखळ्या अ‍ॅक्रिलेटने भरलेल्या निघतात. बाटलीवर एकच नाव, आत मात्र वेगवेगळ्या साखळ्यांची खिचडी.

याने काय बिघडतं? युड्राजिट नावाची औषधाच्या गोळ्यांवरची आवरणं बघा. एल १०० मध्ये मेथाक्रिलिक आम्ल आणि एमएमए १:१, ते पीएच ६ च्या वर विरघळतं. एस १०० मध्ये तेच दोघे १:२, ते ७ च्या वर. गोळी आतड्यात कुठे उघडणार हे या प्रमाणावर अवलंबून आहे.

आता आर मोजायचा कसा? माझे बरेच दिवस यातच जातात. मोनोमरमधला इन्हिबिटर बेसिक अ‍ॅल्युमिनाच्या कॉलममधून काढायचा, एआयबीएन घालायचं, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलायचा, ६० अंशांवर ठेवायचं. आणि दहा टक्क्यांच्या आतच अभिक्रिया थांबवायची, कारण त्यापुढे फ्लास्कमधलं मिश्रणच बदललेलं असतं. मग मिथेनॉलमध्ये ओतून पॉलिमर खाली बसवायचं. ते पुन्हा विरघळवून पुन्हा बसवायचं, नाहीतर अडकलेला मोनोमर एनएमआरमध्ये डोकावतो. स्टायरीनच्या वलयाचे पाच प्रोटॉन ७ पीपीएमच्या आसपास वेगळे दिसतात, ते सोपं. एमएमएच्या मेथॉक्सीचं शिखर मात्र शेजारच्या वलयांमुळे ३.६ पासून खाली पार पसरतं. म्हणून मी फक्त मेथॉक्सी मोजत नाही. वलय सोडून उरलेलं सगळं क्षेत्रफळ घेते: त्यात प्रत्येक स्टायरीनचे ३ आणि प्रत्येक एमएमएचे ८ प्रोटॉन.

यानंतर येतो तो वादाचा भाग. १९५० च्या फाइनमन-रॉस पद्धतीत समीकरण वाकवून सरळ रेषा काढतात, कारण तेव्हा हातात आलेखकागद होता. पण या वाकवण्यात टोकाच्या बिंदूंना नको इतकं वजन मिळतं. कोणत्या मोनोमरला 'एक नंबर' म्हटलं यावरही उत्तर हलतं! केलेन-ट्यूडश यांनी १९७५ मध्ये हा दोष बराच कमी केला, तरी रेषा सरळच ठेवली. टिडवेल आणि मॉर्टिमर यांची नॉन-लिनियर पद्धत १९६५ चीच आहे आणि आज लॅपटॉपवर काही सेकंदांत होते. तरी प्रबंधांमध्ये फाइनमन-रॉस अजून सुखाने नांदतंय, दशांशानंतर तीन-तीन आकड्यांसह. माझं मत विचाराल तर आकड्यासोबत त्याचा अनिश्चिततेचा लंबवर्तुळही छापलाच पाहिजे. दोन्ही आर एकमेकांत गुंतलेले असतात, वेगवेगळं 'अधिक-उणे' लिहून ते कळत नाही.

बरं, कारखान्यात अभिक्रिया दहा टक्क्यांवर थांबवणं कसं परवडेल? ते थांबवतच नाहीत. मोनोमरचं मिश्रण हळूहळू, थेंबाथेंबाने सोडतात, इतकं हळू की रिअ‍ॅक्टरमध्ये साठाच होत नाही. मग साखळीला निवड करायला फारसं काही उरत नाही, आणि जे प्रमाण सोडलं तेच जवळपास आत जातं.