खांदा दुखतोय? गोळी घ्या, पण जपून

पाण्याची भरलेली बादली उचलताना झटका बसतो आणि खांदा धरतो. मग घरातल्या औषधांच्या डब्यातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी निघते. तासाभरात बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तीच बादली पुन्हा त्याच हाताने उचलली जाते! गोळीने सूज आणि दुखणं कमी होतं, पण खांद्याभोवतालच्या चार स्नायूंचा पट्टा म्हणजे रोटेटर कफ फाटला असेल तर तो गोळीने जुळत नाही.

या गोळ्या जेवणानंतर आणि थोडेच दिवस घ्याव्यात. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, गर्भारपण किंवा बीपीची, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. खांद्यासाठी एक आणि डोकेदुखीसाठी दुसरी गोळी घेताना पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा. ब्रँड वेगळा, आत औषध तेच, असं पुष्कळदा असतं. काळ्या रंगाची शौच झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

हात महिनाभर गळ्यात बांधून ठेवणंही बरं नाही. खांदा आखडतो, मधुमेह असलेल्यांचा तर जास्तच. सुरुवातीला कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेका, नंतर फिजिओथेरपिस्टने दाखवलेले हलके व्यायाम करा. हात वर उचलताच येत नसेल, तर मात्र आधी डॉक्टर.