संमिश्र पदार्थांतील अंतर्गत हानी व क्ष-किरण चित्रण

कार्बन तंतू व इपॉक्सी राळ यांच्या थरांपासून बनविलेले संमिश्र पदार्थ हलके व बळकट असल्याने विमानबांधणीत रूढ झाले आहेत. बोईंग ७८७ च्या रचनेत वजनाने सुमारे ५० टक्के भाग संमिश्रांचा आहे. आघाताने धातूला पोचा पडतो व तो दिसतो. संमिश्र पट्टीवर एखादे अवजार पडल्यास पृष्ठभाग जवळजवळ अबाधित राहून आतील थर मात्र सुटलेले असू शकतात. अशा पट्टीची दाब सोसण्याची क्षमता बरीच घटते, ही खरी चिंतेची बाब होय.

साध्या क्ष-किरण चित्रात हे थरविलगन सहसा उमटत नाही, कारण थरांना लंब जाणाऱ्या किरणांच्या मार्गातील पदार्थाची एकूण जाडी बदललेली नसते. तड्यांत झिंक आयोडाइडचे द्रावण मुरविल्यास ते ठळक दिसतात. परंतु पृष्ठभागाशी न जोडलेल्या तड्यात द्रावण पोहोचणार कसे?

संगणकीय टोमोग्राफीत नमुना फिरवीत शेकडो चित्रे घेऊन त्यांतून त्रिमितीय रचना उभी करतात. कोणत्या थरातील तडा कोणत्या विलगनास मिळाला, हे तीत कळते. अडचण आकाराची आहे. शोधकाच्या रुंदीत २००० बिंदू असल्यास २ मिलिमीटर नमुन्यात एक बिंदू १ मायक्रॉनचा, तर २० सेंटिमीटर पट्टीत १०० मायक्रॉनचा होतो. कार्बन तंतूचा व्यास मात्र ५ ते ७ मायक्रॉनच असतो. म्हणजे तंतू पाहावयाचे तर भाग कापणे आले. शिवाय भार काढताच मिटणारे तडे निसटतात. म्हणून नमुना ताणलेला असतानाच चित्रण करणे अधिक विश्वसनीय ठरते.