काठीवरच्या टोप्या

राजसत्ता आणि सदसद्विवेक यांच्या झगड्याचे नाटक म्हटले, की डोळ्यांपुढे दरबार, तलवारी आणि पल्लेदार स्वगते येतात. रॉबर्ट बोल्ट या इंग्रज नाटककाराच्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’मध्ये मात्र सुरुवातीलाच भेटतो तो एक साधा माणूस. नाटकात त्याचे नावच ‘कॉमन मॅन’. प्रेक्षकांशी गप्पा मारत तो टोपलीतून कपडे काढतो आणि कधी कारभारी, कधी नावाडी, कधी तुरुंगाचा पहारेकरी होतो. सूत्रधार आपल्याला परका नाही. पण हा सूत्रधार कडेला उभा राहून गोष्ट सांगत नाही. तिच्यात हात माखून घेतो.

गोष्ट इतिहासातली आहे. आठव्या हेन्रीला पहिली राणी सोडून ॲन बोलीनशी लग्न करायचे होते. पोप मान्यता देईना, तेव्हा १५३४ मध्ये कायदा करून राजाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. थॉमस मोरने चॅन्सेलरपद १५३२ मध्येच सोडले होते. त्याने शपथ नाकारली, कारण मात्र सांगितले नाही. मौन म्हणजे संमती, या कायद्याच्या जुन्या संकेताचा त्याने आसरा घेतला.

आता नायकच गप्प, तर नाटक चालायचे कसे? बोल्ट इतरांना बोलायला लावतो. पत्नी विचारते, लाडकी मुलगी विचारते, मित्र विचारतो. शत्रूपुढे गप्प राहणे सोपे. कसोटी लागते ती मायेच्या माणसांपुढे. विशेष म्हणजे हे नाटक १९५४ मध्ये प्रथम बीबीसी रेडिओसाठी लिहिले गेले. मौनाचे नाटक, आणि तेही आवाजाच्या माध्यमात! ते रंगमंचावर आले १९६० मध्ये.

शेवटाची उत्सुकताही बोल्ट राखत नाही. मोरचे शत्रू पुढे कसे मेले, हे कॉमन मॅन आधीच सांगून टाकतो. क्रॉमवेलचा शिरच्छेद झाला. खोटी साक्ष देणारा रिच मात्र अंथरुणात मेला. मग ‘काय होणार’ हा प्रश्न उरत नाही. ‘कोण कसा वागला’ एवढेच पाहायचे.

खटल्यात तर ज्यूरी म्हणून काठ्यांवर टोप्या अडकवलेल्या असतात. त्यांचा म्होरक्या कॉमन मॅन, आणि अखेरीस कुऱ्हाड उचलणाराही तोच. १९६६ च्या चित्रपटाची पटकथा बोल्टनेच लिहिली, तीत मात्र हे पात्र नाही. चित्रपट सुंदर आहे, त्याला सहा ऑस्कर मिळाली. पण मोर तिथे संत होऊन दूर जातो, आणि आपण सुटतो.

बोल्टला हे अनुभवाने ठाऊक झाले. १९६१ मध्ये अण्वस्त्रविरोधी आंदोलनात तो तुरुंगात गेला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची पटकथा अडली होती, हमीपत्रावर सही करून तो बाहेर आला आणि त्याची खंत त्याला राहिली. त्याचे नाटक म्हणूनच मला उपदेश वाटत नाही. मोर होणे क्वचितच कुणाला जमते. पण काठीवरची टोपी न होणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.