चुंबकीय कुंपणांतील लहरी

सूर्याच्या पोटांत अव्याहत चाललेली क्रिया पृथ्वीवर घडविण्याचा खटाटोप टोकामॅक नांवाच्या, पोकळ कड्यासारख्या यंत्रांत चालतो. ड्यूटेरियम व ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन जड प्रकार त्यांत १० कोटि अंशांहून अधिक तापवितात. या उष्णतेंत अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युद्भारित वायूस प्लाझ्मा म्हणतात. भिंतीचा स्पर्श त्याला चालत नाहीं, म्हणून चुंबकीय बलरेषांचें कुंपण घालावें लागतें.

दोन अणुगर्भांचा संयोग झाला कीं एक न्यूट्रॉन व एक आल्फा कण जन्मतो. न्यूट्रॉनवर कुंपणाची सत्ता नाहीं. तो निघून जातो. आल्फा कण आंत राहून आपली शक्ति प्लाझ्म्याला देतो. भट्टी स्वतःच्या आंचेवर पेटती राहावयाची तर सारी भिस्त याच्यावर. आणि खोडी काढतो तोही हाच!

बलरेषा तंबोऱ्याच्या तारांसारख्या ताणलेल्या असतात व छेडल्या असतां कंप पावतात. अशा लहरी संभवतात हें स्वीडनच्या हान्नेस आल्फव्हेन यांनीं १९४२ सालीं गणितानें दाखविलें. एरवीं त्या लवकर विरतात. परंतु कड्याच्या आंतल्या बाजूस चुंबकीय क्षेत्र प्रबळ व बाहेरच्या बाजूस दुर्बळ असतें. या चढउतारामुळें कांहीं ठराविक कंपनसंख्यांच्या लहरी टिकून राहतात. सेकंदास लाखाच्या घरांतलीं हीं कंपनें. आपल्या रेडिओच्या मध्यम लहरींहून थोडा खालचा सूर म्हणा ना!

आल्फा कण जन्मतः सेकंदास सुमारें १३,००० किलोमीटर धांवतो, म्हणजे या लहरींहूनहि वेगानें. तो मंदावत लहरीच्या चालीशीं जुळला, कीं झोपाळ्याला नेमक्या क्षणीं दिलेल्या धक्क्याप्रमाणें तिला बळ देतो. लहर माजते आणि त्या कणांनाच कुंपणाबाहेर भिरकावते. उष्णता तर जातेच, भिंतीवरहि मारा होतो.

अमेरिकेंत प्रिन्स्टन येथील यंत्रांत १९९१ सालीं, बाहेरून सोडलेल्या वेगवान कणांच्या धारेनें, या लहरी मुद्दाम उठविण्यांत आल्या. भिंतीजवळ बसविलेलीं तारेचीं लहान वेटोळीं त्यांची चाहूल घेतात. पुढें तेथेंच ट्रिटियम वापरून प्रयोग झाले. तेव्हां खुद्द आल्फा कणांची लहर दिसली ती धार बंद केल्यावर, कारण ती धारच लहरीला दाबून टाकीत होती. मला हा भाग सर्वांत मनोरंजक वाटतो.

दक्षिण फ्रान्समध्यें भारतासह अनेक राष्ट्रें मिळून उभारीत असलेल्या ईटर यंत्रांत आल्फा कणांची संख्या फार मोठी असेल. तेथें अशा अनेक लहरी एकदम उठून एकमेकींत मिसळल्या, तर आपली उष्णता देऊन होईपर्यंत हे कण आंत थांबतील काय, हा हिशेब शास्त्रज्ञ आज करीत आहेत.