हापूसला बंदी, ड्युरियनला मुभा

केळी चालतात. अननस, नारळ, खजूर चालतात. ज्याच्या वासाने अख्खा डबा रिकामा होईल ते ड्युरियनसुद्धा चालतं. चालत नाही तो आपला हापूस! युरोपियन युनियनचा नियमच तसा आहे. प्रवाशाने सोबत आणलेल्या ताज्या फळांपैकी ही पाच सोडली, तर बाकीच्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. आणि ऐन मे महिन्यात, पेटी घरी येऊन पडलेली असताना, मराठी कुटुंब युरोपला निघतं.

हापूसचं आणि युरोपचं जुनं दुखणं आहे. मे २०१४मध्ये फळमाशीच्या कारणावरून युरोपने भारतीय आंब्याची आयातच बंद केली होती. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांनाही दार लावलं. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला उठली, पण तोवर एक मोसम गेला तो गेलाच.

बॅग भरताना आणखी दोन धक्के बसतात. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाने दूध आणि दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत, म्हणजे पेढ्यांचा बॉक्स आणि तुपाची बरणी गेली. दुसरा धक्का खोबऱ्याचा. सुकं खोबरं संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे, क्रमांक १३६३, ‘आपोआप पेट घेऊ शकणारे पदार्थ’ या वर्गात. त्यातल्या तेलामुळे मोठ्या ढिगात ते आतल्या आत तापत जातं. त्यामुळे ओला नारळ फळांत मोडतो आणि तोच वाळला की स्फोटकांच्या शेजारच्या पानावर जातो. मेतकूट, चटणी, खाकरे यांच्यावर मात्र कुणाचा राग नाही.

कळसूबाईच्या वर बसून जेवण

विमानातलं जेवण बेचव लागतं, यात सगळा दोष आचाऱ्याचा नाही. केबिनमधला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहूनही विरळ हवेत, वाळवंटासारख्या कोरड्या खोलीत आपण पुलाव खात असतो. नाक कोरडं पडतं, आणि मीठ व साखर दोन्ही जिभेला कमी जाणवतात. अशा वेळी पिशवीतून निघालेली लसणाची चटणी रांगेतल्या सगळ्यांना एकदम नातेवाईक करून टाकते.

पण खरी गंमत तिकीट काढतानाच घडून गेलेली असते. विमान कंपन्यांच्या यादीत ‘हिंदू मील’ असतं. घरातले कुणीतरी ते श्रद्धेने निवडतात आणि आकाशात ट्रे उघडल्यावर आत चिकन निघतं. हिंदू मील म्हणजे गोमांस नसलेलं जेवण, शाकाहारी नव्हे. आजींना वरण-भाताच्या जवळपासचं काही हवं असेल, तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ मागायचं; कांदा-लसूण नको असेल तर ‘जैन मील’. या खास ताटांचा आणखी एक फायदा म्हणजे ती इतरांच्या आधी येतात. मुलं भुकेने रडकुंडीला आलेली असताना ही वीस मिनिटं लाखमोलाची.

एका व्हिसात किती देश?

ज्या शेंगेन व्हिसासाठी आपण सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि ३० हजार युरोंचा विमा जमवतो, त्याचा करार १४ जून १९८५ रोजी एका बोटीवर झाला. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं गाव. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्गच्या हद्दी तिथे भिडतात, म्हणून सह्या नदीत उभ्या असलेल्या ‘प्रिन्सेस मारी-अस्त्रिद’ या बोटीवर झाल्या. तेव्हा पाच देश होते, आता २९ आहेत. लंडन मात्र त्यात नाही. ‘आलोच आहोत तर राणीचा राजवाडाही उरकू’ म्हणणाऱ्यांना वेगळा व्हिसा, वेगळी फी.

मराठी माणूस परत आल्यावर देश मोजतो आणि टूरवाल्यांना ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत व्हॅटिकन आणि लिख्टेनश्टाइन हमखास असतात. व्हॅटिकन ४४ हेक्टर, म्हणजे दादरचं शिवाजी पार्क चार वेळा मांडलं की एक देश झाला! लिख्टेनश्टाइन १६० चौरस किलोमीटर. त्याच्या राजधानीत, वाडुझला, हौस म्हणून पैसे भरून पासपोर्टवर शिक्का मारून मिळतो. एरवीचे शिक्के आता इतिहासजमा होतायत. ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन देशांनी शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी यंत्रणा आणायला सुरुवात केली. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. त्यांनी त्या फोटोतही जीभ काढू नये, एवढीच आईची धडपड.

बसचं घड्याळ

ग्रुप टूरमध्ये सगळ्यात ताकदवान माणूस टूर मॅनेजर नसतो. तो असतो ड्रायव्हर, आणि त्याच्याहून ताकदवान त्याच्या समोरचं छोटं यंत्र, टॅकोग्राफ. युरोपात साडेचार तास बस चालवली की ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून फार तर दोनदा दहा. दोन दिवसांच्या मध्ये सलग अकरा तासांची सुट्टी. ती आठवड्यात मोजक्याच वेळा नऊवर आणता येते. ड्रायव्हरच्या कार्डावर मिनिट-मिनिट नोंदलं जातं आणि पोलीस रस्त्यात थांबवून जुन्या दिवसांचीही नोंद तपासतात. दंड जबरी असतो.

आता हे कुकू क्लॉकच्या दुकानाबाहेर उभ्या बसमध्ये समजावून बघा.

“दादा, दोनच मिनिटं हं. हे बिल करतायत.”

“काकू, तुमच्या दोन मिनिटांना आज पंचवीस झाली. रात्रीची बोट राइड जाईल.”

“अहो, मग ड्रायव्हरला सांगा ना, जरा दामटव म्हणून!”

ड्रायव्हर यातला एक शब्दही न कळता यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवतो. दामटवायचीही सोय नाही, बसचा वेगही ताशी १००च्या पुढे जाऊ नये असा बांधलेला असतो. काका घड्याळाची पेटी छातीशी धरून येतात, बसमधून टाळ्या पडतात (त्या कौतुकाच्या नसतात), आणि काका मागच्या दाराशी घुटमळतात. कारण आज सीट रोटेशनप्रमाणे त्यांची जागा शेवटून दुसरी आहे आणि कालपर्यंत ते पुढे होते. सीट रोटेशनवरून मोडलेल्या मैत्र्यांची यादी केली, तर आल्प्सच्या फोटोंपेक्षा अल्बम जाड होईल. बसमध्ये स्वच्छतागृह असतं. ते ‘इमर्जन्सीसाठी’ असतं, म्हणजे नसतं.

पाण्याची गोष्ट

इथेच खरी परीक्षा. बूट, स्वेटर, विमा या सगळ्याची तयारी होते, पण हॉटेलच्या स्वच्छतागृहात फक्त कागदाची गुंडाळी दिसली की आजोबांचा चेहरा पडतो. मग पाण्याच्या रिकाम्या बाटलीला टमरेलाचा दर्जा मिळतो आणि खोली साफ करणारी बाई ती रोज फेकते. आपण रोज नवी विकत घेतो.

दिलासा इटलीत मिळतो. १९७५च्या एका सरकारी नियमानुसार तिथल्या प्रत्येक घरात निदान एका बाथरूममध्ये बिडे, म्हणजे पाण्याने धुण्यासाठीचं बसकं भांडं, असायलाच हवं, आणि हॉटेलांतही ते सर्रास दिसतं. बिडेचा उगम फ्रान्समधला मानतात, पण पॅरिसच्या हॉटेलांतून ते कधीच गायब झालंय. आमच्या मते इटलीला रोमन साम्राज्याइतकंच श्रेय या एका नियमासाठी द्यायला हरकत नाही.

जर्मनीत महामार्गावरच्या थांब्यावर नाणं टाकल्याशिवाय फाटक उघडत नाही. बऱ्याच ठिकाणी बदल्यात कुपन मिळतं आणि ते शेजारच्याच दुकानात वटवता येतं. मुलांसाठी बाजूला छोटं फुकट दार असतं, त्यातून आजीही जाऊ बघते.

प्यायचं पाणी मात्र फुकट मिळतं, फक्त ठाऊक हवं. रोममध्ये रस्तोरस्ती ‘नासोनी’ नावाचे सुमारे अडीच हजार ओतीव लोखंडी नळ आहेत. पहिले १८७४च्या सुमारास बसले. पाणी अखंड वाहतं; तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं आणि वाकायची गरज उरत नाही. मुलांना कलोसियमपेक्षा हे जास्त आवडतं. झुरिकमध्येही बाराशेहून जास्त कारंजी आहेत. हे न कळलेली मंडळी दुकानातून बाटली घेतात, झाकण उघडल्यावर फस्स होतं आणि कळतं की आपण सोडा घेतलाय.

शाकाहारी मंडळींनी पुढचं जपून वाचावं

ब्रसेल्सला गेल्यावर ‘निदान फ्राइज तरी व्हेज असतील’ म्हणून कोन हातात घेतला जातो. बेल्जियममध्ये पारंपरिक फ्राइज गोवंशाच्या चरबीत तळतात. तेल कुठलं, हे विचारूनच घ्यावं. इटलीच्या अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. मुलांच्या चघळायच्या अस्वलगोळ्यांत बहुतेकदा डुकराचं जिलेटिन असतं. एवढं वाचून झाल्यावर बॅगेतलं मॅगी आठवतं. ते स्वित्झर्लंडमध्ये उकळताना लक्षात ठेवा, ते माहेरी आलंय! ज्यूलियस मॅगी हा स्विस गृहस्थ, झुरिकजवळच्या केम्प्टालमधल्या गिरणीतून त्याने १८८०च्या दशकात झटपट सूप विकायला सुरुवात केली. नेस्लेने ती कंपनी १९४७मध्ये घेतली. मसाला मात्र आपला.

उंच, उन्हाळी, उघडाबंद

युंगफ्राउयोख हे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी दीडशे मीटर कमीच पडतात. आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून खणलेली ही दातेरी रुळांची लाइन १९१२मध्ये वर पोचली. तिथे हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. मुलं बर्फात धावत सुटतात आणि पाचव्या मिनिटाला ‘आई, डोकं दुखतंय’ सुरू होतं. हळू चालायचं, पाणी प्यायचं, तिथल्या ‘बॉलिवूड’ नावाच्या रेस्टॉरंटमध्ये जेवणं सुरू असतील तर बसायचं. तितलिस डोंगरावर शाहरुख-काजोलचे पुठ्ठ्याचे पुतळे आहेत, त्यांच्यासोबत फोटो काढताना आजोबा आजीच्या खांद्यावर हात ठेवतात. घरी कधी न दिसणारं दृश्य.

पॅरिसला मेच्या मध्यावर सूर्य मावळतो साडेनऊच्या आसपास. मुलांना ‘अंधार पडला, झोपा’ म्हणायची सोय नाही. उलट भारताचं घड्याळ साडेतीन तास पुढे, त्यामुळे पहाटे तीनला त्यांना नाश्त्याची भूक. नागपूरकरांना वाटतं, युरोपच्या उन्हाळ्याचं काय कौतुक! पण २५ जुलै २०१९ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश नोंदले गेले आणि तिथल्या जुन्या हॉटेलांत एसी तर सोडाच, पंखाही नसतो. उन्हात आयफेल टॉवरचं लोखंड प्रसरण पावून तो १२ ते १५ सेंटीमीटर वाढतो.

आयफेल बंद असण्याची कारणंही भन्नाट. २२ मे २०१५ला तो बंद राहिला, कारण पाकीटमारांना कंटाळून कर्मचाऱ्यांनीच काम थांबवलं. एप्रिल २०१३मध्ये लूव्ह्र संग्रहालयाचंही तेच झालं. लूव्ह्र एरवी मंगळवारी बंद असतं. तेवढं पाहून बुकिंग करा.

रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर डबा उघडून बसायचा विचार सोडा. २०१९पासून तिथे नुसतं टेकलं, तरी चारशे युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. पायऱ्या आहेत, पण बसायला नाहीत.

हे एवढंसंच?

मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटर. तिच्यापुढे मोबाइल वर धरलेल्या हातांचं जंगल असतं, त्यातून जे दिसतं ते बहुतेक दुसऱ्याच्या स्क्रीनवर. ब्रसेल्सचा शू करणारा मुलगा जेमतेम दोन फुटांचा, पण कपाटात हजाराहून जास्त पोशाख. रस्त्यावरचा पुतळा नक्कल आहे, अस्सल संग्रहालयात. ऱ्हाइनचा धबधबा उंचीला २३ मीटर. ठोसेघर पाहिलेली मंडळी ‘बस, एवढाच?’ म्हणतात, पण रुंदी १५० मीटर आणि मेअखेरीला आल्प्सचं बर्फ वितळल्यावर पाण्याचा जो लोंढा येतो, तो बोटीतून बघितल्यावर बोलणं बंद होतं.

राहता राहिली भेटवस्तूंची खरेदी. सोसायटीत वाटायला टॉब्लेरोन घेताना एक बघा. या चॉकलेटचं काही उत्पादन स्लोव्हाकियात नेण्याचं ठरलं आणि ‘स्विसपणा’च्या कायद्यामुळे २०२३मध्ये वेष्टनावरून मॅटरहॉर्न शिखर उतरवावं लागलं. त्याजागी एक साधासा डोंगर आला. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना ‘खास स्वित्झर्लंडहून’ म्हणून देण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचून घ्या. त्या वाचतातच.