दादाची नोकरी मोबाइलमधून कधी येईल?

“मॅडम, माह्या दादाची नोकरी मोबाइलमधून कधी येईल?”

चौथीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातातला खडू हातातच राहिला. तिचा दादा आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून घरी बसला होता. बसला होता म्हणजे अगदी खरोखर बसला होता! सकाळी उठला की मोबाइल, जेवताना मोबाइल, रात्री पांघरुणात मोबाइल. नोकऱ्यांच्या साऱ्या संकेतस्थळांवर त्याने नाव घातले होते. रोज पाच-दहा अर्ज पाठवायचे आणि वाट बघायची. असे आठ महिने गेले. मध्ये एकदाच उत्तर आले : ‘तुमची निवड झाली आहे. नोंदणी व गणवेशाचे अडीच हजार रुपये भरा.’ आईने धुणीभांडी करून साठवलेले पैसे गेले आणि दुसऱ्या दिवसापासून तो फोनही लागेना. (नोकरी देणारा पैसे देतो रे बाबांनो, मागत नाही! हे घरात सर्वांना सांगून ठेवा.)

दोस्तांनो, तुमच्याही घरी किंवा शेजारी असा एखादा दादा, एखादी ताई असेल. म्हणून त्या प्रश्नाचे पुढे काय झाले ते सांगते.

त्या दिवशी मी वर्गाला एक वेगळाच गृहपाठ दिला. आई-बाबा काय काम करतात ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असतेच. मी सांगितले, घरी जाऊन विचारा : ‘हे काम आहे, असं तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं?’

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गोंधळ! “मॅडम, माह्या बाबाले पंक्चरवाल्यानं सांगतलं का तिकडं वॉचमन पाह्यजे म्हणून.” “माझी आई ज्या काकूंकडे स्वयंपाक करते ना, त्यांचं घर भाजीवालीनं दाखवलं.” एकाचे बाबा ट्रक चालवतात. ते आधी त्याच मालकाच्या गाडीवर क्लीनर होते. एक मुलगा मात्र गप्प होता. खूप विचारल्यावर म्हणाला, “माझ्या बाबाले कोणी सांगत नाही. ते ठिय्यावर जातात.”

ठिय्या तुम्ही नक्की पाहिला असेल. सकाळी शाळेत येताना नागपूरच्या मोठ्या चौकांत बायामाणसे घोळक्याने उभी असतात. सायकलीच्या हँडलला जेवणाचा डबा. गवंड्याच्या हातात थापी, रंगाऱ्याच्या पिशवीतून डोकावणारा ब्रश. त्यांच्या अंगावर पाटी नसते, पण हातातले हत्यारच सांगते की याला कोणते काम येते. मुंबईत याला ‘नाका’ म्हणतात. ठेकेदार येतो, चार-पाच जणांना घेऊन जातो. दहा वाजेपर्यंत ज्याला कुणी नेले नाही, तो भरलेला डबा घेऊन घरी परततो. त्या गप्प बसलेल्या मुलाचा डबा कधीकधी त्याच डब्यातून येतो, हे मला त्या दिवशी कळले.

आता गंमत बघा. वर्गातल्या बहुतेक उत्तरांत सख्खा काका, मामा किंवा जिवलग मित्र नव्हता. होते ते पंक्चरवाला, भाजीवाली, कधीतरी भेटणारा ओळखीचा माणूस. ही गोष्ट काही आपल्या नागपूरचीच नाही. अमेरिकेत बोस्टनजवळ न्यूटन नावाचे गाव आहे. तिथे नोकरी बदललेल्या लोकांना मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने जवळजवळ असाच प्रश्न विचारला होता. १९७३ साली त्याने आपला गाजलेला लेख छापला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, बातमी देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे निघाले शेकडा सुमारे १७. अधूनमधून भेटणारे सुमारे ५६. आणि वर्षातून एकदा किंवा तेवढेही न भेटणारे सुमारे २८!

असे का होते? सोपे आहे. आपल्या घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे माहीत असते, ते आपल्यालाही आधीच माहीत असते. सगळे एकाच विहिरीचे पाणी पितात ना! नवी बातमी आणतो तो दुसऱ्या विहिरीवर जाणारा माणूस. २०२२ साली तर एका व्यावसायिक संकेतस्थळावरच्या दोन कोटी लोकांचा अभ्यास छापून आला. तिथेही जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखी नोकरीच्या जास्त कामी आल्या. म्हणजे मोबाइलमध्येसुद्धा शेवटी माणूसच लागला.

पण थांबा. “मॅडम, मग ज्याची ओळखच नाही त्यानं काय करायचं?” असे तुम्ही विचारणार. विचारायलाच हवे. ठिय्यावरच्या बाबांचा मुलगा तेच तर विचारत होता.

‘ओळख’ आणि ‘वशिला’ हे दोन शब्द आपण एकाच दमात उच्चारतो, पण त्यांत फार फरक आहे. ओळखीचा माणूस नुसती बातमी देतो. पुढचे तुमचे तुम्ही बघायचे. वशिल्याचा माणूस मात्र दुसऱ्याला बाजूला सारून तुम्हाला आत ढकलतो. आपल्या शहराचेच उदाहरण घ्या. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. (त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, म्हणून हे नाव.) गिरणी सांभाळायला त्यांनी निवडले बेझनजी दादाभाई मेहता यांना. हे गृहस्थ रेल्वेत मालवाहतुकीचे काम बघत. कापडाशी त्यांचा काही संबंध नव्हता. जमशेटजींनी माणूस पारखला आणि तो उत्तम निघाला.

पण साध्या कामगाराला कोण पारखणार? त्या काळी देशातल्या कापड गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती असे. जॉबर म्हणजे मुकादमच. त्याच्या मर्जीतला तो आत, बाकीचे दाराबाहेर. नोकरी लावायला आणि ती टिकवायलाही तो पैसे खाई. १९३१ साली ब्रिटिश सरकारच्या कामगार आयोगाने आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. एम्प्रेस मिल पुढे बंद पडली. आज तिच्या जागेवर मॉल उभा आहे.

बातमी मूठभरांच्या खिशात राहू नये म्हणून मग सरकारी सेवायोजन कार्यालये आली. १९४५ साली ती उघडली ती महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. १९४८पासून ती सगळ्यांना खुली झाली. १९५९च्या कायद्याने सरकारी कचेऱ्यांना आणि मोठ्या खासगी कारखान्यांना रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवण्याचे बंधन घातले. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत त्या नोंदणीचे पिवळे पडलेले कार्ड असेल, काढायला सांगा! १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात आणखी पुढचे सांगितले. सरकारी जागा भरताना सेवायोजन कार्यालयाने पाठवलेली नावे बघून भागणार नाही. वर्तमानपत्रात जाहिरात द्या, कचेरीच्या सूचना फलकावर लावा, रेडिओ-टीव्हीवर सांगा आणि जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार करा. ज्याला कुणी सांगत नाही, त्यालाही बातमी कळलीच पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मला हा निकाल फार आवडतो.

तर त्या वायरमन दादाला मी शाळेत बोलावले. म्हटले, “दहा माणसांची नावं लिही. नातेवाईक नकोत, रोजचे मित्र नकोत.” त्याने तोंड वाकडे केले. “ह्यांना काय माहीत असणार, मॅडम?” खरे कारण वेगळेच होते. त्याला लाज वाटत होती. आठ महिने रिकामा बसलोय, हे कुणाच्या तोंडावर सांगायचे! मोबाइलवर नकार आला तर कुणाला दिसत नाही. दुकानाच्या पायरीवर मात्र सगळे बघतात. ही लाज मोठी असते, तिला हसू नका.

मग आम्ही ठरवले की नोकरी मागायचीच नाही. फक्त विचारायचे : “काका, वायरिंगचं काम सध्या कुठं चालू आहे? नवीन मुलगा घेतात का?” सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि एका कागदावर ठळक अक्षरांत नाव, कोर्स, फोन नंबर. दुकानात गर्दी असताना जायचे नाही. ‘नाही’ म्हटले तर विचारायचे, “आणखी कुणाला विचारू?” हा शेवटचा प्रश्न विसरू नका, खरी बातमी बहुधा त्याच्याच उत्तरात असते.

सहा जणांकडून काहीच निघाले नाही. एकाने तर ऐकूनही घेतले नाही. सातवे नाव होते आमच्या शाळेच्या बोअरवेलची मोटर दुरुस्त करणाऱ्या काकांचे. ते म्हणाले, “माझ्याकडं नाही. पण हिंगणा रोडला वाइंडिंगचं दुकान आहे, तिथला पोरगा गावी गेला तो आलाच नाही.”

हा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हजर. मालकाने जळालेली मोटर पुढ्यात ठेवली आणि एकच शब्द बोलले, “खोल.” याने ती खोलली. आठवडाभर बघू म्हणाले. त्याला आता तीन महिने झाले. पगार फार नाही, खोटे कशाला सांगू. पण त्या दुकानात चहाला बसणाऱ्या रेल्वेच्या एका माणसाकडून त्याला कळले की आपल्या मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आयटीआय झालेल्यांना ॲप्रेंटिस म्हणून घेतात. १९६१चा ॲप्रेंटिस कायदाच आहे तसा. शिकता शिकता विद्यावेतनही मिळते. त्याचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. त्याने तो मोबाइलवरूनच भरला!

तुम्ही मात्र लगेच कामाला लागू नका हं. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. तुमच्यासाठी माझ्या वर्गाचाच गृहपाठ. येत्या रविवारी घरातल्या आणि शेजारच्या पाच जणांना विचारा, हे काम आहे असं पहिल्यांदा कुणी सांगितलं? उत्तरे वहीत लिहा. आणि त्यातला एखादा पंक्चरवाला किंवा भाजीवाली तुमच्या वाटेवर असेल, तर घरी बसलेल्या दादाला किंवा ताईला त्यांचे नाव सांगा.

परवा ती मुलगी पुन्हा टेबलाशी आली.

“मॅडम, दादा ना आता झोपेत पण मोजतो.”

“काय मोजतो?”

“तारेचे फेरे. काल पंच्याऐंशीपर्यंत गेला, मग आईनं उठवलं.”